खारी, वॅगनआर आणि खंबाटकीचा घाट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तेवढे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड नोकरी, पगार, स्विच, एआय यातल्या कशावरच नाहीये. आज कुत्र्यावर आहे. नीट सांगायचं तर कुत्रीवर. तिचं नाव खारी, आणि आत्ता मी बोलतेय तेव्हा ती टेबलाखाली माझ्या पायावर डोकं ठेवून घोरतेय. मध्येच घरघर ऐकू आली तर माइक खराब नाहीये, एवढं लक्षात ठेवा.

खारी इंडी आहे, आपली साधी गावठी कुत्री. रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून खारी. वजन १७ किलो. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका गाडीच्या टायरमागे ती सापडली. तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची असेल. गंमत बघा, जी कुत्री पावसात गाडीखाली आसरा घेऊन वाचली, तिला पुढे गाडीचीच इतकी भीती बसली की नुसती किल्ली वाजली तरी ती पलंगाखाली जाऊन बसायची. आणि ती भीती तिच्या मनात बसवली मीच. ते कसं झालं आणि ते उलटवायला काय काय करावं लागलं, ते आज सांगते.

पहिला प्रवास डॉक्टरांकडे. चार किलोमीटर, दोन उलट्या. दुसरा प्रवास परत डॉक्टरांकडेच, लसीसाठी. परत उलटी. सगळे म्हणाले, "लहान आहे गं, होईल सवय." हे अर्धं खरं आहे. पिल्लांच्या कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग अजून पुरता तयार झालेला नसतो. त्यामुळे त्यांना गाडी जास्त लागते आणि मोठी झाली की बऱ्याच जणांची ती तक्रार कमी होते. पण पोटाची तक्रार गेली तरी डोक्यातली आठवण जात नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेत पाव्हलॉव्हचे कुत्रे शिकलोय ना आपण? त्याला १९०४ साली नोबेल मिळालं ते खरं तर पचनक्रियेवरच्या कामासाठी, पण जगाच्या लक्षात राहिले ते त्याचे कुत्रे. खाणं यायच्या आधी एक ठरावीक आवाज, असं पुन्हा पुन्हा केलं की पुढे नुसत्या आवाजानेच तोंडाला पाणी. आमच्या घरात तोच प्रयोग चालू होता, फक्त उलटा. किल्लीचा आवाज, मग गाडी, मग मळमळ, मग टेबलावर सुई. चार-पाच वेळा झालं आणि मग किल्ली वाजताच खारीच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागायची. ती लाळ भुकेची नव्हती. मळमळीची होती, घरात बसल्या बसल्या.

आता दिवाळीचा किस्सा. हा सांगताना मला अजून लाज वाटते, पण सांगायलाच हवा.

२०२२ ची दिवाळी. आई-पप्पा कराडला असतात. कोथरूडहून साधारण १६० किलोमीटर, मध्ये खंबाटकी घाट. खारीला एकटी ठेवणं शक्य नव्हतं. ओळखीतल्या एकाने एक गोळी आणून दिली. म्हणाला, "एक दे, मस्त झोपून जाईल, कराड आलेलं कळणार पण नाही." मी कोडमध्ये कुठलीही लायब्ररी घ्यायच्या आधी तिचं डॉक्युमेंटेशन वाचते. गोळीवरचं नावसुद्धा वाचलं नाही. पनीरच्या तुकड्यात घातली आणि दिली.

शिरवळपर्यंत खारी एकदम गप्प. दादा गाडी चालवत होता, मी मागे तिच्याबरोबर. मी आईला फोटोसुद्धा पाठवला, "बघ किती शहाणी." मग घाट लागला. एका वळणावर ती सीटवरून घसरली म्हणून मी तिला धरायला हात लावला. अंगभर बारीक थरथर चालू होती. डोळे टक्क उघडे. ती उठायचा प्रयत्न करत होती आणि पाय साथ देत नव्हते. अंगाखालची चादर ओली झाली होती. तेव्हा मला कळलं की ही मघापासून शांत नव्हतीच. हिला फक्त हलता येत नव्हतं.

नंतर डॉक्टर मॅडमना ते पाकीट दाखवलं. एसेप्रोमाझिन होतं. त्यांनी समजावलं की या औषधाने शरीर ढिलं पडतं, पण भीती कमी होतेच असं नाही. काही कुत्रे उलट आवाजाला जास्त दचकतात. म्हणजे आतून पूर्ण घाबरलेला जीव, फक्त बाहेरून म्यूट केलेला. पूर्वी ते प्रवासासाठी सर्रास द्यायचे, आता घाबरणाऱ्या कुत्र्याला नुसतं तेवढंच द्यायचं बरेच पशुवैद्य टाळतात. आणि मी ते कुणालाही न विचारता, वजनाचा हिशोब न करता दिलं होतं.

त्यानंतर मी सोपा मार्ग घेतला. खारीला गाडीत घालायचंच नाही. डॉक्टरांकडे चालत, कराडला मी एकटी एसटीने, आणि ती शेजारच्या काकूंकडे. एक-सव्वा वर्ष असं चाललं. आणि खरं सांगू, हा मार्ग वाईट नाहीये. तुमच्या कुत्र्याला वर्षातून एकदा कुठेतरी न्यायचंय आणि घरी सांभाळणारं कुणी आहे, तर राहू द्या त्याला घरी. गोव्याच्या बीचवर तुमच्याबरोबर रील करायची हौस त्याला नसते.

पण २०२४ च्या जानेवारीत पप्पांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली. मग दर शनिवार-रविवार कराड. खारी काकूंकडे दोन दिवस काही खायची नाही. दाराकडे तोंड करून बसायची. काकू बिचाऱ्या फोनवर सांगायच्या, "अगं, चपाती दूध सगळं करून बघितलं." तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांच्याही आवाजात थकवा ऐकू यायला लागला. आणि पप्पा, अंथरुणावर पडल्या पडल्या, अगदी मनापासून म्हणाले, "अगं पोरी, कुत्रं ते. मामाच्या शेतावर सोड, मोकळं राहील. तुझी ओढाताण बघवत नाही."

त्यांच्या जागी ते बरोबर होते. पण शेतावर सोडलेल्या, शहरात वाढलेल्या कुत्र्याचं काय होतं हे गावाकडे राहिलेल्या प्रत्येकाला माहितीये. तिथले कुत्रे नव्याला घेत नाहीत. मी पप्पांना म्हणाले, "मला पाडव्यापर्यंत वेळ द्या." पाडवा ९ एप्रिलला होता. फेब्रुवारीचा मध्य चालू होता. हातात आठ आठवडे.

मी नव्याने डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती व्हिडिओ. "तू सांगू नकोस, मला दाखव." मग दादा पुढे बसला, मी फोन लावला आणि पार्किंगमध्येच, गाडी जागेवर उभी ठेवून, दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला. त्यात खारी सीटच्या खाली, पाय ठेवायच्या जागेत चिकटून बसलेली. मला वाटलं, बरी दिसतेय की. मॅडमनी आवाज बंद करून तो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "ही बसलेली नाही, गोठलेली आहे."

मग त्यांनी बघायचं कसं ते शिकवलं. ओठ पुन्हा पुन्हा चाटणं, घटाघट गिळणं, झोप नसताना जांभया आणि लाळ, ही मळमळीची चिन्हं असू शकतात. कान मागे, शेपूट पोटाखाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, गरम होत नसताना धापा, थरथर, ही भीतीची. काही दोन्हीकडे येतात, जांभई भीतीनेही येते आणि लाळही गळते. म्हणून एकेक चिन्ह नाही, सगळं मिळून बघायचं, आणि कधी सुरू होतं ते बघायचं. गाडी हलायच्या आधीच सुरू झालं तर तिथे भीती आहे. सपाट रस्त्यावर ठीक आणि वळणं लागली की सुरू झालं तर तिथे पोट आहे. खारीच्या बाबतीत दोन्ही होतं. आणि मी दीड वर्ष दोन वेगळे बग एकच समजून बसले होते. मळमळ होती म्हणून भीती बसली, आणि आता भीतीने मळमळ सुरू व्हायची. नुसतं उलटीचं औषध देऊन भीती जाणार नाही, आणि नुसता खाऊ देऊन पोट थांबणार नाही.

अजून एक सोपी टेस्ट. तुमच्या कुत्र्याला सगळ्यात जास्त आवडणारा खाऊ द्या. आमच्याकडे उकडलेलं चिकन. घरात ज्याच्यासाठी तो जीव टाकतो तेच गाडीत नको म्हणत असेल, तर तो त्या क्षणी शिकण्याच्या पलीकडे गेलाय. तिथे त्याला थोपटून, ओरडून, समजावून काही उपयोग नाही. मागे यायचं. खाऊ खाता येईल इतक्या लांब यायचं आणि तिथून सुरू करायचं.

आमचं 'तिथून' म्हणजे कुठून? तर गाडीपासून सहा मीटर. लिफ्टच्या दारापाशी. हसू नका, पहिले चार दिवस आम्ही गाडीत बसलोच नाही. सकाळी तिचं जेवण ताटलीत घेऊन पार्किंगमध्ये जायचं, लिफ्टपाशी ठेवायचं, तिने खायचं, वर यायचं. दुसऱ्या दिवशी दोन पावलं पुढे. वॉचमनकाकांना वाटायचं माझं ऑफिसात काहीतरी बिनसलंय. पाचव्या दिवशी ताटली मागच्या दाराशी, दार उघडं, गाडी बंद. सातव्या दिवशी तिने स्वतः पुढचे दोन पाय आत ठेवले. मी ढकललं नाही. तिने चिकनचा तुकडा उचलला आणि पाय बाहेर काढले. मी पार्किंगमध्ये एकटीच टाळ्या वाजवणार होते, पण ती दचकली असती.

घरात दुसरं काम चालू होतं. किल्लीचं. दिवसभरात दहा-बारा वेळा किल्ली वाजवायची आणि खाऊ टाकायचा, कुठेही न जाता. मीटिंगमध्ये म्यूटवर असताना किल्ली, चहा गाळताना किल्ली. आठवड्याने ती किल्ली ऐकून पलंगाखाली जायच्या ऐवजी माझ्याकडे बघायला लागली. थोडी साशंक नजर होती, पण बघत होती.

मग क्रम असा: दार बंद करून अर्धा मिनिट. मग मी पुढच्या सीटवर, ती मागे. मग इंजिन सुरू, लगेच बंद. मग इंजिन सुरू ठेवून एक मिनिट. मग गाडी दहा मीटर मागे, तेवढीच पुढे. मग सोसायटीला एक चक्कर. नियम एकच ठेवला होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज वेळ वाढवली तर अंतर तेच. आज नवा रस्ता तर वेळ कमी. डिबगिंग करताना एकदम चार बदल केले आणि काहीतरी फुटलं तर कशाने फुटलं हे कळत नाही, तेच इथे. आणि रोज पाच ते दहा मिनिटं, त्याच्या वर नाही. ती मजेत असतानाच थांबवायचं.

सतराव्या दिवशी मी माती खाल्ली. सोसायटीची चक्कर झकास झाली होती, म्हणून मला वाटलं, चला, चांदणी चौकापर्यंत जाऊन येऊ. संध्याकाळी साडेसहाला! पुण्यातल्या माणसाने हा निर्णय कसा घ्यावा? अडकलो. शेजारी टेम्पो, त्याचा तो मल्हारी-मल्हारी हॉर्न अगदी कानाशी. खारी सीटवरून खाली गेली, गोठली, घरी येईपर्यंत वर आली नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली वाजली आणि ती पलंगाखाली. सरळ रोलबॅक. पाच दिवस मागे जावं लागलं. पण एक बघा, पहिल्यांदा जिथे यायला सतरा दिवस लागले होते, तिथे दुसऱ्यांदा आठवड्यात आलो. पाया कुठेतरी राहतो.

त्या दिवशी मी तिला जवळ घेतलं होतं आणि मग मला वाटत राहिलं की घाबरल्यावर लाड केले म्हणजे भीतीला बक्षीस दिलं. हे तुम्हीही ऐकलं असेल. मॅडम म्हणाल्या, भीती ही काही खाऊसाठी केलेली ट्रिक नाही, की शाबासकी दिली म्हणून ती वाढेल. तिला तुमच्याजवळ यायचं असेल तर येऊ द्या, हळू आवाजात बोला, हात ठेवा. फक्त तुम्ही स्वतः घाबरून तिला करकचून धरू नका.

आता पोटाची बाजू. इथे मला माझ्या ड्रायव्हिंगबद्दल काही अप्रिय गोष्टी कळल्या. गाडी लागते ती कान आणि डोळे वेगवेगळं सांगतात म्हणून. कान म्हणतो आपण हलतोय, डोळ्यांना समोर फक्त सीटची पाठ दिसते, ती जागेवर असते. चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं. मागे बसलेल्या कुत्र्याला प्रत्येक ब्रेक अचानक असतो. मी फोन मागच्या सीटवर पट्टीने बांधला, सेन्सरचं एक ॲप लावलं आणि वारज्यापर्यंत जाऊन आले. आलेख बघून दादा म्हणाला, "तू गाडी चालवतेस की बैल हाकतेस?" ब्रेकचे उंच उंच सुळके. मग मी मुद्दाम सराव केला. पुढच्या गाडीपासून जास्त अंतर, ॲक्सिलरेटर लवकर सोडायचा, थांबायच्या अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक किंचित ढिला करायचा म्हणजे तो शेवटचा झटका बसत नाही. दोन आठवड्यांत आलेख बराच सपाट झाला. खारीसाठी केलेल्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात स्वस्त, आणि आईलाही आता माझ्या गाडीत मळमळत नाही.

खाण्याचं म्हणाल तर भरल्या पोटी नाही. मुख्य जेवण निघायच्या तीन-चार तास आधी, सकाळी लवकर निघायचं तर आदल्या रात्रीच. पाणी थोडं थोडं. निघायच्या आधी अर्धा तास चालवून आणायचं, शी-शू उरकून. काच दोन बोटं खाली.

आणि औषध. मॅडमनी यावेळी मॅरोपिटंट दिलं. हे कुत्र्यांच्या उलटीवरचं औषध आहे, मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जाणारा निरोप ते अडवतं. गुंगी आणणं हे त्याचं काम नाही. आम्हाला निघायच्या साधारण दोन तास आधी द्यायला सांगितलं होतं. डोस मी सांगणार नाही, मुद्दाम. कारण गाडी लागण्यासाठीचा डोस आणि इतर उलटीसाठीचा डोस वेगळा असतो, वजन, वय, बाकीचे आजार बघून तो ठरतो. काही कुत्र्यांना भीतीसाठीही वेगळं औषध लागतं, गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन वगैरे, आणि ते घेण्यात कमीपणा काही नाही. पण ते डॉक्टरांनी द्यायचं आणि प्रवासाच्या आधी एकदा घरी देऊन बघायचं, म्हणजे त्याला ते कसं मानवतं ते कळतं. घरातल्या डब्यातली माणसांची गोळी तर अजिबात नाही. आपली रोजची पॅरासिटामॉलसुद्धा कुत्र्याला विषासारखी बाधू शकते.

फेरोमोनचा स्प्रेही आणला होता. काही जणांना फरक पडतो म्हणतात. खारीने त्याचा वास घेतला, शिंकली, विषय संपला.

पट्ट्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे याच्याकडे कुणी बघतच नाही. कुत्रा मांडीवर, कुत्रा खिडकीतून अर्धा बाहेर, आणि त्याच्या स्टोरीला तीनशे लाइक. बारावीचं फिजिक्स आठवा. ४० च्या स्पीडने जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागेवर थांबली, तर आतला मोकळा कुत्रा ४० च्याच स्पीडने पुढे जातो. तो वेग म्हणजे साधारण सहा मीटर उंचीवरून खाली पडल्यावर येतो तेवढा. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आपण कुत्र्याला मोकळं सोडू का? म्हणून छातीचा हार्नेस आणि त्याला सीटबेल्टच्या खाचेत बसणारा पट्टा. गळ्यातल्या कॉलरला तो पट्टा कधीच लावायचा नाही, झटका मानेला बसतो. पुढच्या सीटवर नाही, एअरबॅग माणसाच्या मापाची असते. आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण डोळ्यात खडा गेला की डॉक्टर. पट्ट्याचा एक फायदा मला नंतर कळला. खारीला आपली जागा ठरलेली आवडते. मागच्या सीटवर तिची जुनी गोधडी, त्यावर ती, वळणावर घसरत नाही. घसरणं थांबलं तशी तिची अर्धी धास्ती कमी झाली.

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी निघालो. सकाळी साडेपाचला. एप्रिल असल्यामुळे उन्हाच्या आत घाट ओलांडायचा होता. दादा चालवत होता, मी मागे, चिकनचे मटाराएवढे तुकडे डब्यात. नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा. बोगद्यात आवाज बदलतो, तिने कान टवकारले, मी तुकडा दिला, तिने खाल्ला. मी मनात म्हटलं, खाल्ला! खेड-शिवापूरच्या टोलला तिने खिडकीतल्या माणसाकडे बघून शेपूट एकदा हलवलं.

शिरवळला थांबलो आणि तिथे घोळ झाला. मी दार उघडलं, हार्नेसचा सीटचा पट्टा काढला आणि मग हातातली दोरी लावायला वळले. त्या दोन सेकंदांत धाब्यावरचे तीन कुत्रे भुंकत आले आणि खारी माझ्या हाताखालून बाहेर. समोर हायवे. पुणे-सातारा हायवे, पहाटे सुसाट जाणारे ट्रक. दादाने अक्षरशः झेप घालून तिच्या हार्नेसची मागची पट्टी पकडली. त्याचा गुडघा फुटला. आम्ही दोघं पाच मिनिटं काही बोललो नाही. तेव्हापासूनचा क्रम: आधी दोरी, दोरी मनगटाला, मग सीटचा पट्टा काढायचा, मग दार. दार उघडायच्या आधी. आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, तो मी कराडला पोचल्याच्या दिवशी करून घेतला.

चहा आळीपाळीने प्यायलो. एकाने गाडीपाशी, एकाने टपरीवर. "दोनच मिनिटं, काच खाली आहे" असं म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवू नका. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ च्या आसपास होतं, वीस मिनिटांत जवळजवळ ४०. काच थोडी खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे बाहेरच ३८ असतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो, आणि हवाच तापलेली असली की धापांचा उपयोग संपतो.

मग खंबाटकी. पहिल्या वळणाला तिने ओठ चाटले. दुसऱ्याला गिळलं. माझ्या पोटात गोळा. दादा इतका हळू चालवत होता की मागून ट्रकवाले हॉर्न देत होते, आणि दादा त्यांना आरशातून हात जोडत होता. तिसऱ्या वळणानंतर मी चिकनचा तुकडा पुढे केला. तिने हुंगला. तोंड फिरवलं. मी म्हटलं, गेलं. मग तिने एक मोठी जांभई दिली, गोधडीवर स्वतःभोवती एक गिरकी घेतली, पट्ट्यात पाय अडकवून घेतला, मी तो सोडवला, आणि ती आडवी झाली. हनुवटी माझ्या मांडीवर. मी हात ठेवून बघितलं. थरथर नव्हती. अंग जड होतं, झोपलेल्या जनावराचं असतं तसं जड. दिवाळीतल्या त्या ढिलेपणात आणि या जडपणात काय फरक आहे हे मला शब्दांत सांगता येणार नाही, पण हाताला कळतो.

उलटी झाली नाही. घाट उतरल्यावर लाळेचा एक डाग माझ्या जीन्सवर होता, बस. साताऱ्याच्या पुढे ती उठून बसली आणि मघाशी नाकारलेला तुकडा मागून घेतला.

कराडला पप्पा फाटकात उभे होते. खारी उतरली, त्यांची चप्पल हुंगली. पप्पा तिला काही बोलले नाहीत, मला म्हणाले, "एवढी काय गं ही, मी मोठी समजत होतो." डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी चालायला सांगितलं होतं आणि ते टाळत होते. दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी उठले तर दोघं गायब. प्रीतिसंगमावर जाऊन आले होते. आई म्हणाली, "ते तिला फिरवतायत की ती त्यांना, काय कळत नाही बघ." शेताचा विषय परत निघाला नाही.

त्यानंतर दर महिन्याला जातो. गोळी अजून घाटासाठी लागते, परतीला बोगदा असल्यामुळे तिचं बरं चालतं. दोनदा उलटीही झाली, एकदा माझ्या चुकीने, निघताना आईने लाडाने पोळी भरवली होती. मध्ये पावसाळ्यात आम्ही सहा आठवडे गेलो नाही, तर परत चार दिवस पार्किंगमध्ये ताटली घेऊन बसावं लागलं. वॉचमनकाकांनी आता खुर्ची आणून ठेवलीये. आणि डॉक्टरांकडे जातानाच गाडी काढायची असं आता करत नाही. चार वेळा वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, मग एकदा डॉक्टर.

रिक्षाचं मात्र अजून काही जमलेलं नाही. तिला दारच नसतं, त्यामुळे माझा 'आधी दार उघडं, मग दार बंद' हा सगळा प्लॅनच कोलमडतो. परवा एका रिक्षावाल्या काकांनी स्वतःहून विचारलं, "मॅडम, उभी करून देऊ का दहा मिनिटं, मीटर न टाकता?" उद्या सकाळी सातला ते येणार आहेत. चिकन उकडून ठेवलंय.